रूममेटची गोळी आणि सिक्युरिटी क्लिअरन्स

संपादक साहेब,
इथे अमेरिकेत माझा भाचा (जन्म इथलाच) सिक्युरिटी क्लिअरन्सचा (म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायच्या परवानगीचा) एसएफ-८६ फॉर्म भरायला बसला आणि ड्रग्जबद्दलच्या २३व्या सेक्शनपाशी अडकला, कारण कॉलेजात परीक्षेच्या रात्री रूममेटची (लक्ष लागावं म्हणून डॉक्टर चिठ्ठीवर देतात ती) अ‍ॅडरॉल दोनदा घेतलेली. मित्र म्हणाले, लिहू नकोस, कोणाला कळतंय! अहो, पण मागच्या ७ वर्षांत डॉक्टरी औषधाचा गैरवापर केलात का, असं तिथे सरळच विचारलंय. आईबापांनो, पोरांना घाबरवून खोटं लिहायला लावू नका प्लीज, क्लिअरन्स द्यायचा की नाही हे ठरवायच्या २०१७च्या सरकारी गाइडलाइन्समध्ये जुनी, क्वचित झालेली चूक पोटात घालता येते, मोठ्या आजारपणात लागून मग सुटलेली सवयसुद्धा, पण मुद्दाम लपवलं तर तो वेगळाच गुन्हा आणि तोच जास्त महागात पडतो. शेवटी त्याने 'हो'वर टिक केलं, हात थरथरत होता पोराचा.

— एक मामा, मेरीलँड