२१७ क्रमांकाचं झाकण परत करा

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : मर्यादित आवृत्तीच्या घड्याळाचं क्रमांक कोरलेलं झाकण सर्व्हिस सेंटरने परस्पर बदलल्याबाबत

महोदय,

आत्ताच फोन ठेवला. सहावा. तुमच्या माणसांनी माझी तक्रार माझ्या देखत, म्हणजे माझ्या ऐकत, 'निकाली' काढली. राग उतरायच्या आत लिहून काढतो आहे. भाषा संयत ठेवायचं ठरवलं आहे. कुठे घसरली तर सहा फोनांचा परिणाम समजून घ्या.

घड्याळ कोणतं, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याची पाचशेच काढलीत. टायटॅनियमची केस, २०० मीटर खोलीपर्यंत पाणी आत न येण्याची हमी, केशरी मिनिटकाटा, आणि मागच्या आट्यांच्या झाकणावर कोरलेला क्रमांक. माझा २१७/५००. म्हणजे होता.

ते मिळवायला काय केलं, त्याचं पुराण लावत नाही. नोंदणी उघडली त्या रात्री दोनदा पैसे भरताना पान अडकलं, तिसऱ्यांदा 'संपले' अशी पाटी आली, मग प्रतीक्षायादीत नववा दिवस उजाडला आणि कुणाचा तरी विचार बदलल्यामुळे २१७ माझ्याकडे आलं. त्या अनोळखी माणसाचे मी मनातल्या मनात बरेच दिवस आभार मानत होतो. हल्ली वाटतं, सुटला बिचारा.

चौथ्या महिन्यात एका सकाळी सहाच्या आकड्याजवळ काचेच्या आतून धुकं दिसलं. दहा मिनिटांत गेलं. दुसरा कुणी असता तर विसरला असता, पण मी पडलो शौकीन. गरम पाण्याच्या बाटलीला थर्मामीटर लावला, पाणी चाळीस अंशांच्या जरा वर राहील असं बघितलं, घड्याळ त्यावर पंधरा मिनिटं ठेवलं. मग काचेवर साध्या पाण्याचा एक थेंब टाकला, मिनिटभर थांबलो, पुसला. थेंब होता तिथेच, पण काचेच्या आतल्या बाजूला, शर्टाच्या बटणाएवढं पांढरं वर्तुळ उमटलेलं. ही चाचणी माझ्या डोक्यातून निघालेली नाही. डायव्हिंगच्या घड्याळांसाठी जे आयएसओ ६४२५ मानक आहे, त्यातल्या बाष्पाच्या चाचणीची ही घरगुती नक्कल. आत ओल आहे हे कळायला एवढं पुरेसं होतं.

पहिल्याच फोनवर तुमच्या प्रतिनिधीने विचारलं, "सर, घड्याळ पाण्यात नेलं होतं का?"

२०० मीटरचं घड्याळ. पाण्यात नेलं होतं का! त्याच मानकाप्रमाणे अशा घड्याळाला नोंदवलेल्या दाबाच्या सव्वापट दाब सोसावा लागतो, म्हणजे २०० मीटरच्या, अर्थात २० बार दाबाच्या, घड्याळाला २५ बार. मी त्याला घेऊन हात धुतले होते. तेही गार पाण्याने, कारण गरम पाण्याने आणि साबणाने गॅस्केटचं, म्हणजे पाणी आत येऊ न देणाऱ्या कड्याचं, रबर लवकर म्हातारं होतं, हे मला माहीत आहे. तुमच्या प्रतिनिधीला माहीत नसावं, कारण त्याने सल्ला दिला की घड्याळ पाण्यापासून जपून वापरा. ठीक आहे. जपून वापरायला माझ्याकडे दुसरी घड्याळं होती. हे दणकट म्हणून घेतलं होतं.

असो. घड्याळ पाठवलं. पाठवण्याआधी सहाही बाजूंनी फोटो काढले, झाकणाचे दोन, तिरक्या उजेडात. हा माझा संशयीपणा नव्हे, सवय आहे. पण ही सवय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तेवीस दिवसांनी घड्याळ परत आलं. धुकं गेलं होतं. जॉब शीटवर तीन ओळी : गॅस्केट बदलले. मागील झाकण बदलले. प्रेशर टेस्ट ओके.

मधली ओळ मी तीनदा वाचली, मग घड्याळ उलटं केलं. गुळगुळीत स्टीलचं झाकण. तुमचं चिन्ह, २०० मीटर, आणि जिथे २१७/५०० होतं तिथे काहीही नाही. टायटॅनियमच्या केसला स्टीलचं झाकण! रंगसुद्धा जुळत नाही. केस करडी, झाकण चकचकीत. हातात घेतलं तर मागची बाजू गारही जास्त लागते. तुमच्या साध्या मॉडेलचं झाकण आहे ते, आटे तेवढे जुळतात.

का बदललं, असं विचारल्यावर दुसऱ्या फोनला उत्तर मिळालं की जुन्या झाकणावर ओरखडे होते. माझ्या फोटोंत एकही ओरखडा नाही. आट्यांचं झाकण ज्या पान्याने उघडतात तो खाचेतून निसटला की झाकणावर कसा ओरखडा पडतो, ते तुमच्या तंत्रज्ञाला मी सांगायला नको. आणि निसटला असेल तर निसटला. माणसाचा हात आहे. खरं सांगतो, 'हात घसरला, माफ करा' एवढं लिहून ओरखड्यासकट झाकण परत आलं असतं तर मी दोन दिवस चरफडलो असतो आणि विसरलो असतो. माझ्या घड्याळाला स्वतःचा एक ओरखडा मिळाला असता.

तिसऱ्या फोनला कळलं की काढलेले भाग परत न देण्याचं धोरण आहे. चौथ्याला कळलं की ते धोरण फक्त वॉरंटीत बदललेल्या भागांना आहे. पाचव्याला कळलं की फोन चुकीच्या विभागाला लागला आहे.

आता सहावा फोन. हा सविस्तर लिहितो, कारण हे संभाषण गुणवत्तेसाठी ध्वनिमुद्रित होत असल्याचं तुमच्या यंत्राने मला तीनदा सांगितलं. तेव्हा पडताळून पाहा.

"सर, घड्याळ चालू आहे ना?"

"चालू आहे."

"वेळ बरोबर दाखवतंय?"

"दाखवतंय."

"धुक्याचा प्रॉब्लेम परत आला का सर?"

"नाही."

"मग सर, अडचण काय आहे?"

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. पाचशे घड्याळं, प्रत्येकाला वेगळा क्रमांक, तो झाकणावर कोरलेला, ते झाकण तुमच्याकडे राहिलं. पलीकडे कळफलकाचा खडखड आवाज येत होता, म्हणून मला वाटलं कुणीतरी लिहून घेतं आहे. मग आवाज थांबला आणि अत्यंत समजूतदार स्वरात, लहान मुलाची समजूत काढावी तशा, प्रश्न आला :

"पण सर, तो नंबर मागच्या बाजूला असतो ना? हातात घातल्यावर तर दिसत नाही."

मी काही बोललो नाही. खरंच सुचलं नाही. तो माणूस उद्धट नव्हता, हेच वाईट. तो मनापासून मला मदत करत होता. माझी अडचण मुळात अडचणच नाही, हे मला एकदा पटलं की मी सुखी होईन, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

मी म्हटलं, "मला दिसतो."

"ओके सर. पण बाकी कुणाला नाही ना दिसत?"

मी वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हणालो. अकरा मिनिटं संगीत. मग वरिष्ठ आले. त्यांनी प्रथम मी किती भाग्यवान आहे ते सांगितलं : झाकण नवीन आहे, मोफत टाकलं आहे, एरवी त्याचे पैसे पडतात. मी म्हटलं, नवीन नको, माझं द्या. त्यावर थोडा विचार करून ते म्हणाले, "सर, तुम्हाला नंबरच हवा असेल तर बाहेर कुठेही कोरून मिळेल. ट्रॉफीवर नावं घालतात ना, ते लोक करून देतात."

महोदय, हे वाक्य तुमच्या कंपनीचं आहे. मर्यादित आवृत्ती काढणाऱ्या, पेटीत 'हा क्रमांक जगात एकमेव आहे' असं जाड कागदावर छापून देणाऱ्या कंपनीचं. त्या कागदावर २१७ आहे. पेटीवर २१७ आहे. घड्याळावर नाही. ट्रॉफीवाल्याकडून मी २१७च का घालून घ्यायचं? १ घालून घेतो की! माझंच घड्याळ, ट्रॉफीवालाही माझाच. उद्या पाचशेही जणांनी १ कोरून घेतलं तरी तुमच्या वरिष्ठांची हरकत नसावी. मागेच असतो ना.

क्रमांकाला अर्थ काय असतो, हे तुम्ही घड्याळाच्या धंद्यात असून मी सांगायचं, म्हणजे कमाल आहे. १९६९ मध्ये चंद्रावर माणूस उतरल्यावर ओमेगाने सोन्याची स्पीडमास्टर काढली, एकूण १,०१४. त्यातला क्रमांक १ अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांच्यासाठी राखला होता, पुढचे काही अंतराळवीरांना गेले. निक्सन यांनी भेट महाग म्हणून स्वीकारली नाही. बरं झालं. पुढे कधी सर्व्हिसला तुमच्याकडे आली असती तर साध्या झाकणाने परत गेली असती आणि वर व्हाइट हाउसला ट्रॉफीवाल्याचा पत्ता मिळाला असता.

मला हे घड्याळ विकायचं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण चौथ्या फोनला 'रीसेल व्हॅल्यूचा इश्यू आहे का सर' असंही विचारून झालं आहे. पण उद्या विकायचं झालंच, तर ज्याला थोडंफार कळतं तो पहिल्यांदा झाकण बघेल, मग कागद बघेल, आणि माझ्याकडे बघेल. पाच घड्याळांचे तुकडे जुळवून केलेल्या घड्याळाला आम्ही फ्रँकन म्हणतो. माझं अस्सल घड्याळ तुमच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने फ्रँकन करून पाठवलं, जॉब शीटवर शिक्का मारून. हे एरवी करायला ठग लागतात.

दुसऱ्या एका कंपनीत किकुओ इबे नावाचे अभियंता होते. वडिलांनी भेट दिलेलं घड्याळ पडून फुटलं, म्हणून न तुटणारं घड्याळ करायचा ध्यास त्यांनी घेतला. १९८१ मध्ये काम सुरू झालं, सुमारे दोनशे नमुने वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकून फोडले, आणि एप्रिल १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. बाजारात तेव्हाही घड्याळांचा तोटा नव्हता. वेळ दाखवणारं दुसरं सहज मिळालं असतं. फुटलेलं मात्र वडिलांनी दिलेलं होतं. तुमच्या वरिष्ठांनी त्यांना समजावलं असतं, की सर, नवीन घ्या, मोफत आहे, आणि हा सगळा खटाटोप वाचला असता.

मी तक्रारखोर माणूस नाही. तुमचंच चौदा वर्षांपूर्वीचं एक रेझिनचं घड्याळ माझ्याकडे आहे. गेल्या वर्षी त्याचं बेझल, म्हणजे काचेभोवतीचं कडं, हातात भुगा होऊन आलं, अक्षरशः बिस्किटासारखं. मी एक ओळ लिहिली नाही तुम्हाला. ते रेझिन म्हणजे पॉलियुरेथेन, आणि ते हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षांत असंच ठिसूळ होत जातं. ते रसायनशास्त्र आहे, त्यात कुणाचा दोष नाही. पण सर्व्हिस टेबलावरून क्रमांकाचं झाकण उचलून भंगाराच्या डब्यात टाकायला कुठलंही रसायनशास्त्र लागत नाही. ते हाताने टाकावं लागतं.

आणि मुळात धुकं का आलं, यावर एक अवाक्षर नाही. चार महिन्यांत गॅस्केट म्हातारं होत नाही. बसवताना ते चिमटलं होतं, म्हणजे घड्याळ तुमच्याकडूनच सदोष निघालं, असं मला वाटतं. जुनं गॅस्केट दाखवा म्हटलं तर तेही नाही. झाकण नाही, गॅस्केट नाही. पुराव्याचं काहीच शिल्लक नाही, हा योगायोग समजायला मी तयार आहे, पण तुम्हीही थोडी मदत करा.

मला काय हवं ते पुन्हा लिहितो, सातव्यांदा. २१७/५०० कोरलेलं मूळ टायटॅनियमचं झाकण. ओरखड्यांसकट चालेल, पोचा आलेलं चालेल. ते बसवून पुन्हा प्रेशर टेस्ट, आणि तिचा आकड्यांतला अहवाल, 'ओके' नको. तुमचं चकचकीत झाकण मी कापडात गुंडाळून ठेवलं आहे, जसं आलं तसं परत करीन. मोफत.

झाकण भंगारात गेलं असेल तर तसं कंपनीच्या कागदावर, तारीख आणि सहीनिशी लिहून द्या, आणि ज्या यंत्रावर पहिलं कोरलं त्याच यंत्रावर तेच अक्षर वापरून टायटॅनियमचं नवीन झाकण करून द्या. ते बदली झाकण आहे, हेही त्याच कागदावर लिहा. मला खोटं अस्सल नको आहे.

पंधरा दिवस थांबतो. त्यानंतर फोटो, जॉब शीट आणि सहाही फोनांच्या तारखा घेऊन ग्राहक न्यायालयात जाईन. तिथे मी हे घड्याळ पालथंच टेबलावर ठेवणार आहे.

बाकी चारशे नव्व्याण्णव जणांपैकी कुणी सर्व्हिसला पाठवायच्या विचारात असेल, तर त्याला मी काय सांगेन, याचा अंदाज तुम्हाला आला असेलच.

आपला,
क्रमांक २१७ चा कागदोपत्री मालक

सोबत : झाकणाचे दोन फोटो (आधीचे), एक फोटो (नंतरचा), जॉब शीटची प्रत

ता. क. : हे लिहीत असतानाच तुमचा संदेश आला. 'आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे. आमच्या सेवेला १ ते ५ पैकी गुण द्या.' शून्याची सोय केलेली नाही. १ दाबल्यावर 'धन्यवाद, आम्हाला आपल्या सूचना महत्त्वाच्या वाटतात' असं आलं, आणि सूचना लिहायला चौकट उघडली. तिच्यात चाळीस अक्षरं मावतात. मी '२१७' लिहून पाठवलं आहे.