काकांशी बोलण्याविषयी

तीर्थरूप आई-बाबांस,
सादर वंदन.

बाबा, निवडणुकीनंतर काकांशी तुमचे बोलणे थांबले आहे. ज्याच्या मतांनी इतरांचे नुकसान होते त्याच्याशी मैत्रीने वागणे म्हणजे त्या मतांना मान्यता देणे होय, असे तुम्ही म्हणालात. फोनवर मला याचे नीट उत्तर देता आले नाही, म्हणून लिहीत आहे.

विनयपिटक म्हणजे बौद्ध संघाच्या नियमांचा ग्रंथ. त्याच्या महावग्ग या भागात कोसंबी नगरीतल्या भिक्खूंची हकिकत आहे. एका भिक्खूकडून दोष घडला की नाही, एवढ्याशा मुद्द्यावरून संघात दोन तट पडले आणि खुद्द बुद्धांनी समजावले तरी ‘आमचे आम्ही पाहून घेऊ’ अशा अर्थाचेच उत्तर मिळाले. तेव्हा बुद्ध तेथून निघून गेले. (काही काळ दूर राहणे करुणेच्या विरोधात नाही, एवढे मी तुमच्या बाजूने मान्य करते.) पुढे उपासकांनी, म्हणजे गृहस्थ अनुयायांनी, भिक्षा देणे बंद केल्यावर ते भिक्खू श्रावस्तीला आले, तेव्हा बुद्धांनी सांगितले की त्यांना राहायला वेगळी जागा द्यावी, मात्र जे काही वाटायचे ते सर्वांना सारखेच वाटावे. अनाथपिंडिक या दानशूर गृहस्थ उपासकाला बुद्धांचा सल्ला असा होता की दान दोन्ही गटांना द्यावे, दोघांचेही ऐकावे, पण मत धम्माला धरून बोलणाऱ्यांचेच स्वीकारावे. दान आणि मत यांचे नियम त्यांनी वेगळे ठेवले.

म्हणून तुम्ही मत बदलावे असे मी मुळीच म्हणत नाही. राजकारणाच्या या प्रश्नावर मीही तुमच्याच बाजूची आहे. बौद्ध भाष्यकार बुद्धघोषाने ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथात अज्ञानातून येणाऱ्या बेफिकिरीला उपेक्षेचा (इथे अर्थ दुर्लक्ष नव्हे, तर मनाचा समतोल) जवळचा शत्रू म्हटले आहे, कारण ती वरवर उपेक्षेसारखीच दिसते. ‘दोघेही आपापल्या जागी बरोबर’ म्हणून सुटका करून घेणे हे मला त्यातलेच वाटते.

आई, तू दोघांनाही राजकारणाचा विषयच काढू देत नाहीस, पण अबोल्याने तेढ वाढतेच आहे. अंगुत्तर निकाय या बुद्धवचनांच्या संग्रहात चांगल्या वाणीच्या पाच कसोट्या आहेत: ती योग्य वेळी, खरी, मृदू, हिताची आणि मैत्रीच्या भावनेने बोललेली असावी. आपल्या घरात दुसऱ्या कसोटीवर सगळेच ठाम असतात, पहिलीची आठवण मात्र कोणालाच राहत नाही. मध्यरात्री व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर खरा असला, तरी उरलेल्या चारांत बहुधा नापास होतो.

बाबा, या आठवड्यात काकांना फोन करून त्यांच्या प्रकृतीची चौकशी करावी, एवढीच विनंती. मतदानाचा विषय निघालाच, तर आपले मत लपवू नये. फक्त त्यांचे वाक्य पूर्ण होऊ द्यावे.

तुमची लेक