फोटोतल्या आजोबांचा मफलर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही परदेशातल्या मराठी घरांचा हिवाळा म्हणून पानभर फोटो छापलेत, फोटो छानच आहेत, पण त्यातला एक बघून माझ्या पोटात गोळा आला. मुलाकडे आलेले आजोबा, डोक्यावर माकडटोपी, गळ्यात मफलर आणि त्याची दोन्ही टोकं खाली लोंबतायत, हातात स्नोब्लोअरचं, म्हणजे बर्फ उडवून वाट मोकळी करणाऱ्या मशीनचं हॅण्डल, आणि समोर सात-आठ वर्षांचा नातू उडणाऱ्या बर्फात नाचतोय. खाली ओळ काय, तर 'आजोबांची नवी गाडी'. कौतुकाने छापलाय हे कळतं हो, पण ती गाडी नाहीये.

मी गेली १४ वर्षं अमेरिकेतल्या बफेलो शहराच्या दक्षिणेकडच्या एका गावात राहतो. बफेलो म्हणजे एरी सरोवराच्या टोकाला. थंड वारा सरोवराच्या त्यामानाने कोमट पाण्यावरून येतो, ओल उचलतो आणि किनाऱ्यावर आला की आमच्या डोक्यावर रिकामी करतो. वर्षाला सरासरी ९५ इंचांच्या आसपास स्नो, म्हणजे जवळपास आठ फूट. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर ऑर्चर्ड पार्क भागात तीन-चार दिवसांत सहा फुटांच्या वर पडला होता, दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. त्यात पालिकेचा प्लाऊवाला रस्ता साफ करता करता आपल्या ड्राइव्हवेच्या (घरापासून रस्त्यापर्यंतच्या गाडीवाटेच्या) तोंडाशी कंबरभर बांध घालून जातो, तो दगडासारखा. त्यामुळे इथे स्नोब्लोअर ही चैन नाही, गावाकडे पाण्याची मोटर असते तशी वस्तू आहे. आणि तितकीच गृहीत धरलेली.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मोठ्या मशीनला पुढे आडवा स्क्रू असतो, त्याला ऑगर म्हणतात, तो हळू फिरून बर्फ आत ओढतो, आणि त्याच्या मागे एक पंखा असतो तो जोरात फिरून तो बर्फ वरच्या धुराड्यासारख्या तोंडातून वीस-तीस फूट लांब फेकतो. ज्यांच्या घरी कडबाकुट्टी आहे त्यांना पुढचं वेगळं सांगायला नको, फरक इतकाच की कडबाकुट्टीला आपण घाबरतो आणि ह्याला घाबरत नाही, कारण आत जातो तो बर्फ, मऊ पांढरा.

आता माझीच गोष्ट. दुसरा हिवाळा, मार्चचे दिवस, तापमान शून्याच्या जरा खाली. अशा वेळी पडतो तो भुरभुरीत नसतो, मळलेल्या कणकेसारखा असतो. दर पाच मिनिटांनी धुराडं बंद. तीन वेळा लाटण्याने मोकळं केलं (हो लाटण्यानेच, मशीनबरोबर प्लास्टिकचं छोटं फावडं येतं ते मी पहिल्याच वर्षी हरवलं होतं), चौथ्या वेळी कंटाळलो, इंजिन बंद केलं, किल्ली काढली, म्हटलं आता काय होणार आणि सरळ हात घातला. ढेकूळ सुटलं आणि त्याच क्षणी पंखा फिरला. इंजिन बंद असताना. अर्धा फेरासुद्धा नसेल. ग्लव्ह्जचं टोक गेलं, मधल्या बोटाचं नख गेलं आणि पाच टाके पडले. बोट राहिलं, कारण ग्लव्ह्ज मापापेक्षा मोठे होते, बायकोने सेलमध्ये आणलेले, त्यावरून मी तिला आधी बोललो होतो.

हे असं का होतं ते मला नंतर समजलं. पंखा बर्फात रुतून थांबतो तेव्हा इंजिनचा जोर पट्ट्यात आणि पात्यावर ताण म्हणून अडकून राहू शकतो, इंजिन बंद केलं म्हणून तो ताण जात नाही. अडकलेलं काढलं की पातं सुटतं, दाबून धरलेली स्प्रिंग सुटावी तसं. इमर्जन्सीमधल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघताच विचारलं, इंजिन बंद होतं ना? त्यांना पाठ होतं. इथल्या हाताच्या सर्जन लोकांची जी संघटना आहे ती पण हेच सांगते, हे अपघात होतात ते बहुतेक असेच, जड ओला बर्फ, सहा इंचांच्या वर थर, तापमान उणे दोन सेल्सियस किंवा त्याच्या वर, आणि बहुतेक वेळा जेवायचा हात. अमेरिकेत दरवर्षी काही हजार लोक ह्या मशीनपायी इमर्जन्सीत जातात आणि त्यातल्या काही जणांनी बोटं घालवलेली असतात.

रात्री व्हिडिओ कॉलवर तात्यांना बँडेज दाखवलं. आमचं गाव नगर जिल्ह्यात, तात्यांनी जन्मभर गुरं सांभाळलेली. म्हणाले, "अरे गाढवा, कडबाकुट्टीत हात घालायचा नाही हे तुला सातवीत सांगितलं होतं की नव्हतं? बर्फाची झाली म्हणून काय ती वेगळी जात झाली?" बरोबरच आहे त्यांचं. मळणीयंत्रात इतक्या जणांचे हात गेले की १९८३ साली आपल्याकडे धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला, आणि त्याच मातीतून आलेला मी इंजिनियर, पगारी.

तेव्हापासून आमच्याकडे धुराड्यात फक्त काठी जाते. हॅण्डलवरचे दोन्ही लिव्हर सोडायचे, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं थांबल्याचं डोळ्यांनी बघायचं, मग काठी, आणि काठी घालतानासुद्धा तोंड बाजूला कारण ती उसळू शकते. ऑगरपाशी पान्याचं काम असेल तर स्पार्क प्लगची वायर पण काढून ठेवायची. आणि मुळात अडकूच नये म्हणून सीझन सुरू व्हायच्या आधी धुराड्याला आतून सिलिकॉनचा स्प्रे मारायचा, नसेल तर स्वयंपाकाच्या तेलाचा फवारा पण चालतो, आप्पेपात्राला तेल लावतो तसंच. ओला बर्फ असेल तर एका फेरीत मशीनच्या रुंदीच्या अर्धीच पट्टी घ्यायची पण इंजिन फुल स्पीडला ठेवायचं, लोक नेमकं उलटं करतात, घाबरून इंजिन हळू ठेवतात आणि मग पंख्याला फेकायला जोरच राहत नाही.

आता आपल्या लोकांचा जुगाड, ह्यावर मला खरंच राग येतो. हॅण्डलवरचे लिव्हर दाबून धरले तरच मशीन चालतं, सोडले की ऑगर थांबतो, माणूस घसरून पडला तर वाचावा म्हणून केलेली सोय आहे ती. आमच्या ओळखीतल्या एकाने बोटं दुखतात म्हणून तो लिव्हर पायजम्याच्या नाडीने बांधून टाकला होता! वर मला दाखवतोय, बघ कसं सेट केलंय. दुसऱ्या एकाचं शिअर पिनचं. ऑगरला जी पिन असते ती मुद्दाम कच्ची असते, दगड आला की पिन तुटते आणि आतला गिअरबॉक्स वाचतो. ह्याने रोज कोण बदलत बसणार म्हणून हार्डवेअरच्या दुकानातला कडक बोल्ट ठोकला, म्हणजे फ्यूजच्या जागी जाड तार. डिसेंबरमध्ये रस्त्यावरून आलेला बर्फाचा गोटा आत गेला आणि पिन सोडून सगळं तुटलं. पिन काही डॉलरला मिळते, गिअरबॉक्सचा आकडा ऐकून तो अजून गप्प आहे.

पेट्रोलचं पण तेच. इथल्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं, ते ओल ओढतं, आणि एप्रिलपासून टाकीत राहिलं की कार्बोरेटरमध्ये चिकट थर बसतो. मग पहिल्या मोठ्या स्नोला मशीन सुरू होत नाही, गावातले सगळे एकाच दिवशी रिपेअरवाल्याला फोन करतात आणि तो पंधरा दिवसांनंतरची तारीख देतो. सीझन संपला की पेट्रोलची कळ बंद करून इंजिन आपोआप मरेपर्यंत चालवायचं, टाकी रिकामी, किंवा निदान पेट्रोल खराब होऊ न देणारं स्टॅबिलायझर टाकून थोडा वेळ चालवायचं म्हणजे ते खालपर्यंत पोचतं. गरम इंजिनवर पेट्रोल ओतायचं नाही हे सांगायला नको, पण सांगतो, कारण मी बघितलंय.

गराजचं मात्र थांबून सांगतो. बाहेर उणे पंधरा असतं, म्हणून लोक मशीन गराजमध्येच सुरू करतात, दार उघडं आहे ना म्हणतात. गराजचं दुसरं दार बहुतेक घरांत स्वयंपाकघरात किंवा त्याच्या बाजूला उघडतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, आत बसलेल्या आईला वाटतं डोकं थंडीने दुखतंय. मशीन ढकलत बाहेर न्यायचं आणि मगच सुरू करायचं, हात गारठले तर गारठू देत.

हे सगळं तुमच्याकडे पाठवण्याचं कारण, आमच्या पिढीतले मुलगे मॅन्युअल वाचत नाहीत (मी तरी कुठे वाचलं होतं), पण त्यांचे आईवडील तुमचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचतात. आणि सहा महिने इथे येऊन घरात बसवत नाही म्हणून मदतीला बाहेर पडणारे तेच असतात. त्यांनी बाहेर पडावं, जरूर पडावं, पण मफलर काढून, साडीचा पदर किंवा ओढणी असेल तर जॅकेटच्या आत, आणि नातवाला खिडकीत उभं करून, कारण धुराड्यातून बर्फाबरोबर दगड पण उडतो आणि तो कुठे जाईल ते आजोबांच्या हातात नसतं. त्या फोटोतल्या घरी कुणाची ओळख असेल तर कृपया हे पोचवा.

आपला नियमित वाचक,
बफेलो, न्यूयॉर्क राज्य

ता.क. ऑगरमध्ये हमखास अडकणारी वस्तू म्हणजे बर्फाखाली गाडला गेलेला पेपर. इथे पहाटे प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ड्राइव्हवेवर फेकतात, वर चार इंच स्नो पडला की दिसत नाही, आणि रविवारचा जाड अंक गोठलेला असला की तो काढायला मला एकदा तासभर लागला होता, काठीनेच. तुमचा मी मोबाइलवर वाचतो.