एका डॉलरची ट्रायल

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय वृंदा,

तुझा मेसेज मिळाला. घराच्या कर्जाआधी क्रेडिट स्कोअर, म्हणजे आपली पत दाखवणारा आकडा, बघायचा म्हणून गुरुवारी रात्री दहाला तू एका साइटवर एक डॉलर भरून सात दिवसांची ट्रायल घेतलीस, आणि आता दरमहा पैसे कापायला लागायच्या आत ती बंद करायचं बटण सापडत नाहीये. फोनवर सांगितलं असतं, पण यात तारखा आणि आकडे फार आहेत, ते लिहिलेले समोर असले की बरं.

आधी तारखेचं बघू. सात दिवस म्हणजे पुढच्या गुरुवारी रात्री दहापर्यंत, असं धरून चालू नकोस. नोंदणीचा दिवस पहिला धरला, तर बुधवारीच सात भरतात. शिवाय कंपनीचं घड्याळ तुमच्या न्यू जर्सीच्या वेळेवर चालत असेल असंही नाही. म्हणून तुझी शेवटची तारीख मंगळवार, १८ नोव्हेंबर. नोंदणीनंतर आलेल्या ईमेलमध्ये पहिल्या बिलाची तारीख कुठेतरी बारीक अक्षरात असेल, ती शोध आणि ती ईमेल पीडीएफ करून ठेव. पुढे वाद झालाच, तर हाच कागद कामाला येतो.

पण लगेच कॅन्सल करायला धावू नकोस. ट्रायल रद्द केली की कितीतरी ठिकाणी त्याच क्षणी आतलं सगळं दिसायचं बंद होतं, दिवस शिल्लक असले तरीही. म्हणून आधी जे बघायला गेलीस ते उतरवून घे. कॅन्सल त्यानंतर, पण त्याच बैठकीत.

उतरवायचं काय? पहिल्याच पानावर जो मोठा आकडा गोल चक्रात दिसतो, त्यावर जाऊ नकोस. स्कोअर काढायच्या पद्धती वेगवेगळ्या असतात, आणि तो बहुधा व्हँटेजस्कोअर असतो, नाहीतर फिको ८. घराचं कर्ज देणारे अजून बहुतेक जण फिकोच्या जुन्या आवृत्त्या बघतात, आपल्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या तीन कंपन्यांकडून एकेक: एक्स्पेरियनकडून फिको २, ट्रान्सयुनियनकडून फिको ४, इक्विफॅक्सकडून फिको ५. या तिघांतला मधला आकडा ते धरतात. म्हणजे ६९८, ७१२ आणि ७३० आले, तर तुझा स्कोअर ७१२. तुझ्या ट्रायलमध्ये या तीन आवृत्त्या नावानिशी दिसत असतील, तर त्या पानाची पीडीएफ काढ. नसतील, तर त्या ट्रायलमध्ये तुझ्या कामाचं काहीच नाही, एक डॉलर गेला म्हणायचं. आणि खरं सांगू? तोही घालवायची गरज नव्हती. घराच्या कर्जासाठी ज्याच्याकडे अर्ज करशील, त्याने तुझा जो स्कोअर वापरला तो तुला फुकट कळवायचाच, असा कायदा आहे. कागदांच्या ढिगाऱ्यात ते पान असतं, लोक न वाचता सही करतात.

स्वतःचा स्कोअर बघितल्याने तो कमी होत नाही, ही भीती आधी काढून टाक. कर्जासाठी दोन-चार ठिकाणी चौकशी केलीस, तरी त्या सगळ्या चौकशा चौदा दिवसांच्या आत उरकल्यास की फिको त्या एकच धरतो.

आता रिपोर्ट, म्हणजे तुझ्या कर्जांची आणि कार्डांची नोंद. स्कोअर म्हणजे परीक्षेचा निकाल, तर रिपोर्ट म्हणजे उत्तरपत्रिका, आणि चुका उत्तरपत्रिकेतच सापडतात. तिन्ही कंपन्यांचे रिपोर्ट ॲन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉम या साइटवर दर आठवड्याला फुकट मिळतात. कायद्याने ठरलेली साइट ही एकच. २००३ च्या कायद्याने वर्षातून एकदा होतं, करोनाच्या काळात दर आठवड्याला झालं आणि २०२३ पासून तेच कायम राहिलं. कार्डाचा नंबर तिथे विचारत नाहीत. नावात थोडा फरक करून काढलेल्या साइट बऱ्याच आहेत, म्हणून पत्ता स्वतः टाइप कर, सर्चमधून जाऊ नकोस.

या सगळ्या धंद्याला इतिहास आहे. 'मोफत क्रेडिट रिपोर्ट'च्या जाहिराती असायच्या, आत शिरलं की महिन्याची वर्गणी. २००५ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने अशाच एका प्रकरणात कन्झ्यूमरइन्फो डॉट कॉम या एक्स्पेरियनच्या कंपनीकडून साडेनऊ लाख डॉलर घेतले. मग २०१० मध्ये नियम आला: जाहिरातीत 'मोफत' म्हणायचं असेल, तर खरी मोफत साइट कुठली तेही ठळकपणे सांगा. त्यावर शोधलेली पळवाट म्हणजे एक डॉलर! डॉलर घेतला की ते 'मोफत' राहत नाही. पुढे जानेवारी २०१७ मध्ये ग्राहक-वित्त संरक्षण ब्युरोने ट्रान्सयुनियन आणि इक्विफॅक्स यांना मिळून ग्राहकांचे १ कोटी ७६ लाख डॉलर परत करायला आणि ५५ लाख दंड भरायला लावलं. कारण हेच, फुकट किंवा एका डॉलरच्या ट्रायलनंतर दरमहा सोळा डॉलर आणि वर. 'जितक्या सहज घेतलं तितक्याच सहज बंद करता आलं पाहिजे' असा देशभराचा नियम ऑक्टोबर २०२४ मध्ये केलाही होता, पण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाने तो रद्द केला. आमच्या कॅलिफोर्नियात ऑनलाइन घेतलेलं ऑनलाइनच बंद करता येतं. बाकी राज्यांत ज्याचा त्याचा नियम.

म्हणजे बटण तुला सापडत नाहीये ते तुझ्या वेंधळेपणामुळे नाही. मोबाइल ॲप सोड, लॅपटॉपवर ब्राउझरमधून लॉगिन कर. नावावर क्लिक कर, मग 'अकाउंट', त्यात 'मेंबरशिप' किंवा 'बिलिंग' बघ. 'प्रोफाइल'मध्ये शोधत बसू नकोस, तिथे फक्त पत्ता बदलता येतो. कॅन्सलवर क्लिक केलं की पानामागून पान येतं. पहिल्यावर कारण विचारतील. दुसऱ्यावर 'निम्म्या दरात तीन महिने' असं काहीतरी. तिसऱ्यावर भीती: तुमच्या ओळखीची चोरी झाली तर कळणार नाही. प्रत्येक पानावर मोठं रंगीत बटण 'ठेवा' म्हणणारं असतं आणि पुढे जायची ओळ खाली करड्या अक्षरात. मध्येच थांबलीस तर काहीच रद्द झालेलं नसतं. शेवटी 'रद्द झालं' असं वाक्य आणि कन्फर्मेशन नंबर दिसेपर्यंत खिडकी बंद करू नकोस. त्या पानाचा फोटो काढ, आणि ईमेल आली का तेही बघ.

ॲप डिलीट करणं म्हणजे कॅन्सल नव्हे. ईमेलमधलं 'अनसबस्क्राइब' तर मुळीच नव्हे, त्याने फक्त जाहिराती थांबतात. आणि ॲपल किंवा गूगलच्या दुकानातून ट्रायल घेतली असशील, तर कंपनीच्या साइटवर काही होणार नाही, ती फोनच्या सबस्क्रिप्शनच्या यादीतून बंद करावी लागते. एकाच कंपनीच्या दोन-तीन वेगळ्या नावांच्या साइटही असतात, म्हणून कार्डाच्या स्टेटमेंटवर त्या एका डॉलरपुढे कोणाचं नाव आहे ते ताडून बघ.

बटण नसेलच, तर फोन. शनिवार-रविवारी बहुतेक उचलत नाहीत, सोमवारी सकाळीच कर. पहिलंच वाक्य: 'मला आजच मेंबरशिप रद्द करायची आहे.' कारण विचारलं तर 'नको आहे' एवढंच सांग. घराचं कर्ज घेतेय म्हणालीस की 'मग तर तुम्हाला याची जास्तच गरज' इथून दहा मिनिटं जातात. आपण मराठी माणसं समोरच्याचं मन मोडू नये म्हणून 'बघते, कळवते' म्हणतो, ते इथे नको. फोन ठेवण्याआधी बोलणाऱ्याचं नाव, वेळ आणि कन्फर्मेशन नंबर लिहून घे.

एवढं करूनही पैसे कापले, तर आधी कंपनीला लेखी विचार, आणि लगोलग कार्डाच्या बँकेत तक्रार टाक. क्रेडिट कार्ड असेल, तर ज्या स्टेटमेंटवर ती रक्कम पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवस तुझ्या हातात असतात. तक्रार लेखी हवी, आणि स्टेटमेंटवर बिलाच्या चौकशीसाठी जो वेगळा पत्ता असतो तिथे. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलांच्या काळात, फार तर ९० दिवसांत, निकाल लावायचा. डेबिट कार्ड दिलं असशील (दिलं नसावंस, बाई!), तर पुढच्या कापणीच्या निदान तीन कामाचे दिवस आधी बँकेला ती थांबवायला सांग.

कार्ड बदलून घेते म्हणजे भानगडच मिटेल, असं मात्र समजू नकोस. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांकडेही नव्या कार्डाचा नंबर वर्गणी घेणाऱ्यांना आपोआप कळवायची सोय आहे, जुनं कार्ड गेलं तरी कापणी नव्यावर चालू राहू शकते. आणि कार्ड नाकारलं गेलं तरी करार संपत नाही. थकबाकी वसुलीवाल्याकडे गेली, तर ज्या रिपोर्टसाठी हे सगळं केलंस त्यातच ती जाऊन बसायची.

राहिली राखण, म्हणजे तुझ्या नावावर दुसऱ्या कुणी कर्ज काढू नये याची. त्यासाठी पैसे देऊ नकोस. क्रेडिट फ्रीझ, म्हणजे नव्या कर्जासाठी तुझा रिपोर्ट कुणाला दिसू न देणं, सप्टेंबर २०१८ पासून कायद्याने फुकट आहे. तिन्ही कंपन्यांकडे वेगवेगळं करावं लागतं, आणि ऑनलाइन उघडायला सांगितलं की एका तासात उघडलं पाहिजे असा नियम आहे. ट्रायलमध्ये 'लॉक' म्हणून जे दाखवतात ते कंपनीचं स्वतःचं कुलूप, कायद्यातलं फ्रीझ नव्हे. ते चालू केलं असशील, तर कॅन्सल करण्याआधी उघड, नाहीतर कर्जवाल्याला तुझा रिपोर्टच मिळायचा नाही.

रिपोर्ट काढताना नावाचा घोळ होईल, तयारीत राहा. तुझं माहेरचं आडनाव सोशल सिक्युरिटीवर, सासरचं बँकेत, आणि कुठेतरी मधलं नाव वडिलांचं. ओळख पटवायचे प्रश्न त्यामुळे चुकतात आणि साइट 'टपालाने मागवा' म्हणते. फॉर्म तिथेच मिळतो, तो अटलांटाला पाठवायचा, पोचल्यापासून १५ दिवसांत रिपोर्ट निघतात. रिपोर्ट आला की 'तुमची नावं' हा भाग पहिला वाच, दुसऱ्याच कुणाचं खातं तुझ्या नावावर चिकटलेलं असेल तर तिथेच कळतं.

महेशचा रिपोर्ट वेगळा काढावा लागेल. नवरा-बायकोचा एकत्र रिपोर्ट असा नसतो, कार्ड एकत्र असलं तरी. त्याला त्याच कायद्याने ठरलेल्या साइटवर बसव, आणि कार्डाचं पाकीट तेवढा वेळ तुझ्याकडे ठेव.

तुझी,
माधुरी