एमडीच्या बातमीखाली चार ओळी अजून छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

एमडी म्हणजे मेफेड्रोन ही नशेची पावडर, ती पकडल्याच्या बातम्या तुम्ही छापता, २०२४ला कुरकुंभच्या कारखान्याची तर आख्ख्या पुण्याने वाचली. पण जी पकडली जात नाही ती ज्यांच्या नाकात जाते त्यात आमची गे पोरंही आहेत, त्यांच्याबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितोय. पब दीडला बंद झाला की कुणाच्यातरी फ्लॅटवर जमतात, डेटिंग ॲपवर अशा नशेतल्या सेक्सला ‘हाय फन’ म्हणतात, एमडीने झोप जाते भूक जाते, दोन दोन दिवस चालतं आणि कंडोम लावला की नाही तेच सकाळी आठवत नाही.

माझा एक मित्र, २४ वर्षांचा, गावाकडून नोकरीला आलेला. रविवारी सकाळी माझ्या दारात उभा, ओठ चावून चावून सोललेले, पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला तरी हलत होता. दादा, काहीच आठवत नाहीये रे, एवढंच म्हणत होता. मी त्याला जवळच्या एका हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न, लग्न झालंय का, दुसरा, घरचे कुठायत, आणि मग उद्या ओपीडीला या. अहो, पेपच्या गोळ्या असतात ना, एचआयव्हीचा धोका झाला की ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, पुढे २८ दिवस रोज. उद्या या म्हणजे त्यातले चोवीस तास गेलेच की! शेवटी रात्री साडेनऊला दुसरीकडे पहिली गोळी मिळाली.

आणि पार्टीत कुणी बेशुद्ध पडलं तरी पोरं १०८ला फोन करत नाहीत, पोलीस येतील आणि घरी कळेल म्हणून. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ची भीती २०१८ला गेली म्हणतात, पण घरच्यांची भीती कुठे गेलीय.

म्हणून विनंती आहे, एमडीची बातमी आली की खाली छोटी चौकट टाका: पेपचे ७२ तास, सरकारी आयसीटीसीत (एचआयव्ही तपासणी केंद्रात) फुकट तपासणी, १०९७ ही एचआयव्हीची हेल्पलाइन, आणि २०१७च्या एचआयव्ही कायद्याने रिपोर्ट गुप्त ठेवावाच लागतो हे. व्यसन सोडायचं असेल तर मुक्तांगण आपल्या पुण्यातच आहे, तेही लिहा. त्या रविवारी मला यातलं निम्मंच माहीत होतं.

– एक वाचक, कर्वेनगर, पुणे
(कृपया नाव छापू नये)