रुजू होण्यापूर्वी

कोल्हापूर,
दि. १४ एप्रिल

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू १०८ च्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर म्हणून रुजू व्हावे की नाही असे विचारलेस आणि मी ‘सावकाश सांगतो’ म्हणून विषय टाळला, याचा तुला रागच आला असेल. शेजारी तुझी आई उभी होती. तिच्यासमोर मला या नोकरीची बाजूही घ्यायची नव्हती आणि तिला नावेही ठेवायची नव्हती. आज अग्निशमन सेवा दिन म्हणून सकाळी जुन्या केंद्रावर जाऊन आलो आणि परतताना एसटीत बसल्या बसल्या ठरवले, की जे सांगायचे ते सविस्तर लिहूनच कळवावे.

हा दिवस कशाचा, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाला आग लागली. त्याच्या पोटात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरलेली होती. स्फोट झाला तेव्हा आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण मृत्युमुखी पडले. त्यांच्यासाठी आम्ही दरवर्षी दोन मिनिटे स्तब्ध उभे राहतो. आज उभा असताना माझे लक्ष मात्र समोरच्या रांगेकडे गेले आणि मी माणसे मोजली. दारात नवा कोरा बंब उभा होता, त्याला झेंडूची माळ होती, आणि त्याच्यापुढे सहा जण उभे होते. त्यांतले दोघे साप्ताहिक सुट्टी सोडून आलेले आणि एक जण मुळात पाणीपुरवठा विभागाचा, गणवेश उसना घेऊन आलेला. मी सेवेत लागलो तेव्हा याच केंद्रात बंब जुना होता, चढावर धापा टाकायचा, पण पाळीला माणसे पुरी असायची. तीस वर्षांत गाडी सुधारली आणि माणूस कमी झाला. तुला जे सांगायचे आहे, त्याचे मूळ इथेच आहे.

असे का होते, याचा हिशेब मी नोकरीत असताना कोणी समजावून दिला नाही. निवृत्तीनंतर कागद वाचता वाचता कळला. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने जी बारावी अनुसूची आली, तिच्यात अग्निशमन हे काम नगरपालिका-महापालिकांच्या यादीत आहे, म्हणजे त्याचा भार स्थानिक तिजोरीवर आहे. केंद्राकडून, राज्याकडून निधी येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटी रुपयांची योजनाही झाली. परंतु असा पैसा मुख्यतः इमारत, वाहन आणि साहित्य यांसाठी असतो, महिन्याच्या महिन्याला पगार देण्यासाठी नसतो. भरतीचा विषय निघाला, की आस्थापना खर्च, म्हणजे पगार-भत्ते, पस्तीस टक्क्यांच्या आत ठेवण्याची अट पुढे येते, आणि निवृत्त झालेल्याची जागा ‘रिक्त’ या शब्दाखाली वर्षानुवर्षे कागदावर राहते. गाडी घेता येते, तिचे उद्घाटन होते, फोटो येतो. माणूस नेमला तर त्याचा फोटो कोणी काढत नाही.

बंबावर एक माणूस कमी असणे म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणून तुला आकड्यांत सांगतो. आमच्या बंबात साडेचार हजार लिटर पाणी असायचे. एका नोझलमधून मिनिटाला साडेचारशे लिटर सोडले, तर ते दहा मिनिटांत संपते; दोन नोझल लावले तर पाच मिनिटांत. त्या पाच-दहा मिनिटांत कोणीतरी पंपाशी उभे राहून दाब सांभाळायचा, दोघांनी नोझल धरायचे, कारण पाण्याचा धक्का एकट्याच्या छातीला आवरत नाही, एकाने होज ओढत सरकवायचा, आणि एकाने पुढचे पाणी कुठून मिळणार याची तजवीज करायची. आपल्याकडच्या गावांत हायड्रंट, म्हणजे बंब भरून घ्यायचा रस्त्यावरचा नळ, शोधूनही सापडत नाही. विहीर गाठायची तर एप्रिलमध्ये तिने तळ गाठलेला असतो. चालक धरून तिघे जण असले, की यांतली दोन कामे होतच नाहीत. आणि लोक समजतात, की बंब रिकामाच आला होता. गुऱ्हाळावरच्या चिपाडाच्या ढिगाला लागलेल्या आगीत अशाच एका रात्री मला शिव्या बसल्या होत्या. ढीग वरून विझलेला दिसतो आणि आतून धुमसत राहतो; तो उपसून उलटापालटा केल्याखेरीज विझत नाही, आणि उपसायला माणसे लागतात. शेवटी गुळव्या आणि त्याच्या घरच्या बायकांनी दाताळी हातात घेतली.

दुसरी गोष्ट गल्लीची. बाजारपेठेतल्या एका कापडाच्या दुकानाला आग लागल्याची वर्दी आली तेव्हा केंद्रापासून गल्लीच्या तोंडापर्यंत आम्ही चार मिनिटांत पोहोचलो होतो. शहरी भागात बंबाने तीन ते पाच मिनिटांत पोहोचावे अशी अपेक्षा असते, म्हणजे आम्ही वेळेत होतो. पण गल्लीत दोन्ही बाजूंना मोटारसायकली लावलेल्या, आणि प्रत्येकीचे हँडल कुलूपबंद. आम्ही आणि तालमीतली चार पोरे मिळून एकेक गाडी मागून उचलून बाजूला ठेवत गेलो. अकरा गाड्या मी स्वतः मोजल्या. त्यातच वीज बंद झाल्याचा निरोप येईपर्यंत पाणी मारता येत नव्हते. दुकानदार माझा हात धरून ‘साहेब, मारा की पाणी’ म्हणत होता आणि मी डोक्यावरच्या तारेकडे बघत होतो. आपल्या शिवाजी पेठेतल्या गल्लीतून जाताना आजही माझी नजर आपोआप दोन्ही भिंतींमधले अंतर मापते. तुझी आई त्याला खोड म्हणते.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळाले, तेव्हा मी निवृत्त झालेला होतो आणि आयुष्यात प्रथमच बघ्यांच्या गर्दीत उभा होतो. दुसऱ्याच दिवशी संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. शाहू महाराजांनी उभारलेले, १९१५ चे पॅलेस थिएटर, म्हणजे हेच नाट्यगृह, डोळ्यांदेखत जात होते, शेजारी मोठी माणसे लहान मुलांसारखी रडत होती, आणि मला रडण्याआधी जाणवले ते हे, की आपण सगळे जण रस्ता अडवून उभे आहोत. मी मागे सरलो आणि दोघा-तिघांना मागे सरायला सांगितले. एकाने विचारले, ‘तुम्ही कोण सांगणार?’ प्रश्न बरोबरच होता.

आता तुझ्या गाडीविषयी. १०८ ची सेवा राज्यात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ प्रगत जीवरक्षक आणि ७०४ प्राथमिक. प्रत्येक गाडीत डॉक्टर ही आपल्या राज्याने ठेवलेली मोठी चांगली रीत, आणि त्यात तुझ्यासारखे बीएएमएस झालेलेच बहुसंख्य आहेत. पण राज्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वाअकरा कोटींच्या घरात होती. भागाकार तूच कर. शिवाय गाडी नकाशावर जिथे दिसते तिथे ती नेहमी असतेच असे नाही. गगनबावड्याहून रुग्ण घेऊन कोल्हापूरला यायचे तर पंचावन्न किलोमीटर. कळे गावाच्या अलीकडे-पलीकडे उसाच्या ट्रॉल्या लागल्या तर विचारूच नको. रुग्ण सीपीआर रुग्णालयात उतरवून, कागद करून, गाडी धुऊन परत जागेवर जाईपर्यंत तीन तास मोडतात आणि तेवढा वेळ मागचा मुलूख गाडीविना राहतो. चंदगडची माणसे तर बेळगाव जवळ म्हणून सरळ सीमा ओलांडतात. त्यात एका रुग्णालयाच्या दारात मी अशी गाडी पाहिली आहे, की रुग्ण आत घेतला गेला, पण खाट मिळेना म्हणून तो गाडीच्याच स्ट्रेचरवर राहिला, आणि स्ट्रेचर परत मिळेपर्यंत गाडी पुढची वर्दी घेऊ शकत नव्हती. आतला डॉक्टर दोषी नव्हता आणि गाडीवरचाही नव्हता. फोन मात्र वाजत होता.

सीपीआरवरून एक सांगतो, हसशील. एका तालमीत आम्ही पोरांना छातीवर दाब देण्याचे, म्हणजे सीपीआरचे, प्रशिक्षण दिले होते: मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब, छाती पाच-सहा सेंटीमीटर आत जायला हवी, वगैरे. शेवटी विचारले, की माणूस कोसळला आणि श्वास नसला तर पहिले काय कराल? मागून एकजण ओरडला, ‘सीपीआर!’ मी खूश झालो. तो पुढे म्हणाला, ‘रिक्षा करून थेट सीपीआरला न्यायचं.’ छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाच्या नावाचे हेच संक्षिप्त रूप इथे सगळ्यांच्या तोंडी असल्यामुळे त्याची चूक म्हणता येत नाही. हृदय थांबल्यावर चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते आणि आपली उत्साही माणसे ती मिनिटे रिक्षा शोधण्यात घालवतात, हे मात्र खरे. अपघातात मान दुखावलेल्याला हातापायांना धरून उचलतात, तेही मायेपोटीच. पूर्वी निदान ‘पोलिसांचा ससेमिरा नको’ म्हणून लोक दूर उभे राहत. आता मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १३४-अ हे कलम आले आहे. ते गाडीवर काम करणाऱ्यांनीच लोकांना सांगायला हवे, कारण दुसरे कोणी सांगणार नाही.

पूर हा आपल्याकडचा वेगळाच विषय. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट; २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये त्याच्याही वर. २०१९ ला शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हा बाहेरून मदत येण्याची मुख्य वाटच बंद झाली होती. त्या दिवसांत बंबवाला आणि रुग्णवाहिकेवरचा माणूस यांत फरक राहत नाही. एका आजींच्या दाराशी होडी लावून मी अर्धा तास त्यांची समजूत घालत होतो. म्हैस सोडून येणार नाही, एवढेच त्या म्हणत होत्या, आणि पुढच्या घरात दिवस भरलेली बाई होती. शेवटी आमच्यातला एक जण दाव्याला धरून म्हशीबरोबर छातीभर पाण्यात चालत गेला, तेव्हा आजी होडीत बसल्या. तोही घरी पाणी शिरलेले असताना चौथ्या रात्री कामावर होता. त्याला बदली द्यायला कोणी नव्हते.

तुझ्या आईला रात्रपाळीची भीती वाटते. मला ती वाटत नाही. रात्री रस्ता मोकळा असतो. मला भीती वाटते ती या चौथ्या रात्रीची. दमलेला माणूस चुकतो, आणि आपल्या कामात चूक दुसऱ्याच्या अंगावर जाते. म्हणून नोकरी घे, माझी हरकत नाही, उलट मला बरे वाटेल. पण सही करण्याआधी काही गोष्टी स्पष्ट विचार. पाळी किती तासांची आणि बदलीचा डॉक्टर आला नाही तर गाडी कोणी सोडायची? नेमणूक कोणाची, सरकारची की ठेकेदाराची, आणि पगार थकला तर दाद कुठे मागायची? सुई टोचली, संसर्ग झाला, गाडीला अपघात झाला, तर विमा कोणत्या रकमेचा आहे? नातेवाईक अंगावर आले तर सोबत कोण? हे विचारल्याने तुला कोणी उद्धट म्हणेल, म्हणू दे. मी कधीच विचारले नाही आणि तीस वर्षांत माझ्या बऱ्याच सुट्ट्या ‘नंतर बघू’ मध्ये गेल्या, ज्यांची झळ तुला आणि तुझ्या आईला बसली.

आणि रुजू झाल्यावर रोज, पाळी घेतल्या घेतल्या, आधीच्याने ‘सगळं ओके आहे’ म्हटले तरी ऑक्सिजनचा सिलिंडर स्वतः उघडून काटा बघ. एका मंगल कार्यालयाच्या तपासणीत मला अग्निशामक नळकांडे दाखवले होते. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा दाखला वर्षातून दोनदा द्यायचा असतो. तसा दाखला भिंतीवर होता, चिठ्ठीवर ताजी तारीख होती, आणि काटा लाल पट्ट्यात पडलेला होता. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या रुग्णालयातल्या आगीत दहा तान्ही बाळे गेल्यावर मी ते नळकांडे कितीतरी दिवस डोळ्यांसमोरून हलवू शकलो नाही. गाडीवर चालकाशी, ज्याला तुमच्याकडे पायलट म्हणतात, नीट वाग. रस्ता त्यालाच माहीत असतो.

रविवारी येतेस तेव्हा कराराच्या मसुद्याची प्रत घेऊन ये. सुट्टीचे कलम कोणत्या पानावर आहे आणि ‘आवश्यकतेनुसार’ हा शब्द त्यात किती वेळा आला आहे, ते मला चष्मा लावून वाचायचे आहे.

तुझे,
बाबा