पोर्ट डग्लसहून आलो, आता सविस्तर ऐक

प्रिय पक्या,

ग्रुपवर फोटो टाकले तर तुझं एकच, "लेका, पोहलास का नुसता शर्ट काढून फोटो काढलास?" तिथे एवढं टाइप करत बसलो असतो तर बाकीच्यांनी शिव्या घातल्या असत्या, म्हणून हे पत्र. तर समुद्रात पोहलो म्हणजे कसं, जाळीत पोहलो.

मेलबर्नहून केर्न्सला साडेतीनेक तासांचं विमान, तिथून गाडीने तासभर उत्तरेला ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरचं पोर्ट डग्लस, वाटेत एका हाताला जंगलाने भरलेला डोंगर आणि दुसऱ्या हाताला समुद्र, मधे जेमतेम रस्ता बसेल एवढीच जागा. गाव छोटंसं, मॅक्रोसन स्ट्रीट नावाचा एक मेन रोड, हॉटेलं, आइस्क्रीमवाले, टूरवाले, आणि टोकाला फोर माइल बीच. आम्ही ईस्टरच्या सुट्टीत एप्रिलमध्ये गेलो, घामाने नुसती चिकचिक, आणि एवढा लांबलचक किनारा मोकळा टाकून सगळी जनता एका चौकोनी जाळीच्या आत म्हशींसारखी डुंबत बसलेली! कारण नोव्हेंबर ते मे तिथे बॉक्स जेलीफिश असतात, नीट डसला तर माणूस काही मिनिटांत जातो. किनाऱ्यावर ठिकठिकाणी खांबाला व्हिनेगरच्या बाटल्या लावून ठेवलेल्या. व्हिनेगरने दुखणं थांबत नाही बरं का, अंगाला चिकटलेल्या ज्या नांग्या अजून फुटायच्या बाकी असतात त्या फुटत नाहीत एवढंच. आणि खाडीच्या तोंडाशी मगरीची पाटी, इंग्रजीत आणि जर्मनमध्येसुद्धा. जर्मन टुरिस्ट किती बिनधास्त पाण्यात उतरत असतील ते तूच ओळख.

ग्रेट बॅरिअर रीफला, म्हणजे तिथल्या समुद्रातल्या प्रवाळाच्या लांबलचक रांगेला, मात्र गेलो. त्यातल्या अॅजिनकोर्ट रीफला बोटीने दीडेक तास लागतो, बायकोची उलट्या करून वाट लागली, पोरगी मस्त सँडविच खात बसलेली. अंगभर निळा लायक्राचा सूट चढवून पाण्यात तोंड घातलं आणि पहिल्यांदा काय कळलं तर आवाज. कटकट कटकट. पोपटमासे प्रवाळ अक्षरशः दातांनी फोडून खातात आणि ते पाण्यात ऐकू येतं. खाल्लेल्या दगडाची मागून वाळू पडते, तीही बघितली. एक शिंपला तर पोरीच्या दप्तराएवढा, आतली कड जांभळी-निळी आणि ठिपक्याठिपक्यांची, माझी सावली पडली तशी हळूच मिटली. मालवणला आपण ट्यूब धरून तोंड बुडवलं होतं ना, त्यात आणि ह्यात लय फरक. पण खोटं कशाला सांगू, काही ठिकाणी नुसता करडा चुराही होता. पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, ते शेवाळच त्याचं जेवण, लवकर परत आलं नाही तर उपाशी मरतं. २०१६ ते २०२४ मध्येच पाच वेळा रीफवर मोठ्या प्रमाणात हे झालंय.

आता तुझ्या कामाचं. गाडी गावाबाहेर काढली की दोन्ही बाजूला ऊस! एप्रिल म्हणजे डोक्याच्या वर गेलेला, कारण तिथलं गाळप जूनला सुरू होतं. मी बायकोला म्हणलं, अगं हे तर इस्लामपूर. शेतातून बारक्या रेल्वेचे रूळ गेलेत, डब्यांत ऊस भरून थेट कारखान्यात न्यायचे. शेजारच्या मोसमन गावचा कारखाना १८९७ सालचा, आणि २०२३ चा हंगाम त्याचा शेवटचा. कंपनी बुडाली. २०२४ ला तिथला ऊस ट्रकमध्ये भरून केर्न्सच्याही पलीकडे गॉर्डनव्हेलच्या कारखान्याला धाडायची पाळी आली, वाहतुकीतच किती जात असतील सांग. बंद गेट आणि गवतात गेलेले रूळ बघून मला आपल्याकडचे दोनतीन कारखाने आठवले, नावं घेत नाही, तुला माहितीयत.

आणि गंमत ऐक, हाच ऊस रीफच्याही मुळावर. पावसात शेतातलं नत्र नदीने समुद्रात जातं, तिथे सूक्ष्म शेवाळ फोफावतं, त्यावर काटेरी तारामाशाची पिल्लं पोसतात, असं तिथले शास्त्रज्ञ मानतात, आणि मोठे झाले की तेच तारामासे प्रवाळ खाऊन फस्त करतात. मग पाणबुडे एकेका तारामाशाला सुई टोचून मारतात, कशाची माहितीय का, व्हिनेगरची! परत व्हिनेगर. तू एकरी युरियाच्या किती गोण्या टाकतोस ते मी विचारत नाही.

जंगलाचं थोडक्यात, नाहीतर हे पत्र संपायचं नाही. डेंट्री नदी तराफ्याने ओलांडायची, गाडीसकट, तारेवर ओढत नेतात, मग पुढे जंगल थेट वाळूपर्यंत. २०२१ पासून डेंट्री नॅशनल पार्कची मालकी तिथल्या मूळच्या ईस्टर्न कुकु यलंजी लोकांकडे परत आलीय. कॅसोवरी, म्हणजे तिथला उडता न येणारा मोठा पक्षी, दिसला नाही, त्याची विष्ठा दिसली, मोठा गोळा, आत अख्ख्याच्या अख्ख्या बिया, पोरगी काडीने उकरत बसली. काही झाडांच्या बिया एवढ्या मोठ्या की त्यांना लांब न्यायला हाच एक पक्षी. आणि एक झाड आहे, इडियट फ्रूट म्हणतात. १९७१ साली तिथे एका शेतकऱ्याची गुरं मेली, कुणीतरी विष घातलं असा संशय, पोटं फाडली तर अर्धवट चावलेल्या बिया, आणि त्या निघाल्या एका झाडाच्या जे संपलं असं सगळे धरून चालले होते. दहा कोटी वर्षांहून जुनं घराणं, आणि पत्ता लागला गाईच्या पोटातून.

तू यायचं म्हणत असशील तर जून ते ऑक्टोबरमध्ये ये, जेलीफिश फारसे नसतात, ऊन बरं असतं. बोटीला पैसे मोड, हॉटेल साधं घे, आणि वहिनींना बोटीच्या आधी उलटीची गोळी दे, अर्धा तास आधी, बोट हलायला लागल्यावर देऊन उपयोग नाही. पण जुलै-ऑगस्टला तुझी उसाची आडसाली लागण येते मधे, नाही का? आणि खोडव्याच्या उसाचं बिल कारखान्याकडून मिळालं का अजून नाही ते आधी कळव. काकांच्या गुडघ्याचं काय झालं तेही लिही.

तुझाच,
संद्या